कुत्र्या-मांजराच्या दातांचा एक्स-रे: पहिल्यांदा करून घेणाऱ्यांसाठी

कुत्र्याला कायमचे ४२ दात असतात, मांजराला ३०. आपण तोंड उघडून बघतो तेव्हा या दातांचा फक्त वरचा भाग दिसतो. मुळं, मुळांना धरून ठेवणारं हाड आणि मुळाच्या टोकाशी साठणारा पू हे सगळं हिरडीखाली असतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दातांच्या उपचारासाठी आलेल्या कुत्र्या-मांजरांच्या संपूर्ण तोंडाचे एक्स-रे काढून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरून निर्दोष दिसणाऱ्या दातांच्या एक्स-रेतही २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीनं महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

आमच्या घरी एक देशी कुत्री आणि एक बोका आहे. दोघांच्याही दातांचं हे सगळं पुण्यात करून घेतलंय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगते. आपला एक्स-रे काढतात, रिपोर्ट हातात देतात, मग आपण घरी विचार करून ठरवतो. जनावराच्या दातांचं तसं होत नाही. एक्स-रेसाठीच भूल द्यावी लागते आणि त्याच भुलीत उपचारही उरकायचे असतात. म्हणजे फोटोत काय आहे ते कळतं तेव्हा तुमचं लेकरू टेबलावर झोपलेलं असतं आणि डॉक्टर फोनवर तुमच्या उत्तराची वाट बघत असतात. म्हणून विचार करायचा तो आधीच.

१. एक्स-रे लागणार आहे हे ओळखा

"खातोय ना नीट, मग दुखत नसेल" हे वाक्य मनातून काढून टाका. दाढ उभी चिरलेली असली तरी कुत्रं जेवतं. भूक वेदनेपेक्षा मोठी असते आणि दुखणं लपवणं तर जनावराच्या रक्तातच असतं. बघायच्या त्या बारीक गोष्टी: एकाच बाजूनं चावणं, दाणे न चावता गिळणं, आवडीचं खेळणं तोंडात धरायचं सोडणं, गालाला हात लावू न देणं, लाळेत रक्त. मांजर कधी कधी वाटीपाशी येतं, घास घेतं आणि फुत्कारून पळतं. खाताना त्याचा खालचा जबडा थरथरतो. तोंडाला येणारा घाण वास "वयामुळे" नसतो.

पुढच्या परिस्थितीत मात्र एक्स-रेशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका:

- दात तुटलाय. कुत्र्यांत बहुधा वरची मोठी दाढ तुटते आणि कारण असतं नळीचं हाड, जनावराचं खूर, शिंग किंवा दगड चावायची सवय.
- डोळ्याखाली सूज आलीय. ही गांधीलमाशी चावल्याची किंवा डोळ्याची सूज समजली जाते. अँटिबायोटिक दिलं की उतरते, महिन्या-दोन महिन्यांनी परत येते. वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं बरोबर डोळ्याच्या खाली येतात. ज्या मुळाशी पू आहे ते मूळ तसंच ठेवून फक्त गोळ्या देत राहिलं तर ही सूज परत येणारच.
- एखादा दात करडा किंवा जांभळट झालाय.
- सात महिन्यांच्या पुढच्या कुत्र्याच्या तोंडात एखादा दात जागेवर नाहीच. तो कधी उगवलाच नाही, की जबड्याच्या आत अडकलाय, हे बाहेरून कळत नाही. अडकलेल्या दाताभोवती पाण्याची गाठ वाढून जबड्याचं हाड पोखरलं जाऊ शकतं. पग, बॉक्सर, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींत हे मुद्दाम बघायचं.
- दुधाचा दात पडला नाही आणि शेजारी पक्का आलाय. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत हे सर्रास दिसतं.
- मांजराच्या दाताच्या कडेला, हिरडीला लागून लाल ठिपका दिसतोय, जणू हिरडीच दातावर चढलीय. हा दात आतून विरघळायला लागल्याची शक्यता मोठी. खालच्या जबड्यातली दोन्ही बाजूंची, सुळ्यामागची पहिली दाढ यात सर्वांत आधी सापडते.
- कुठलाही पक्का दात काढायचा ठरलाय.

२. दवाखाना शोधा आणि फोनवरच चौकशी करा

"तुमच्याकडे एक्स-रे आहे का?" असं विचारलंत तर बहुतेक ठिकाणी "हो" म्हणतील, कारण हाडं आणि छातीचे फोटो काढायचं मोठं मशीन बऱ्याच दवाखान्यांत असतं. त्यावर डोक्याचा फोटो निघतो, पण डावे-उजवे दात एकमेकांवर पडतात आणि मुळं सुटी दिसत नाहीत. जबडा मोडलाय का, एवढं बघायला तो पुरतो. दातासाठी तोंडाच्या आत ठेवायचा छोटा सेन्सर किंवा प्लेट लागते. आपले दाताचे डॉक्टर ज्याला आरव्हीजी म्हणतात, तेच. म्हणून प्रश्न असा विचारा: "तोंडाच्या आत सेन्सर ठेवून दाताचा एक्स-रे काढता का?"

त्यानंतर विचारायचं:

- भूल देताना घशात नळी घालता का? उत्तर "हो" हवं. स्केलिंगचं, म्हणजे यंत्रानं दातांवरचं किटण काढतानाचं, पाणी आणि घाण फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ती नळी असते.
- भूल चालू असताना दात करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसरं कोणी फक्त मॉनिटरवर लक्ष ठेवायला असतं का?
- पूर्ण तोंडाचे फोटो काढता की फक्त दुखऱ्या दाताचा?
- दात काढल्यानंतर परत एक्स-रे काढून मूळ आत राहिलं नाही ना, हे बघता का?
- फोटोंच्या फाइल देता का?

हे प्रश्न ऐकून कोणी वैतागलं तर दुसरीकडे जा. चांगले डॉक्टर उलट खूश होतात, हा माझा अनुभव.

मुंबई, पुणे, नागपूर सोडून राहणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी मागावी. परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत आधी फोन करून दातांच्या एक्स-रेची सोय सध्या चालू आहे का ते विचारून मगच निघावं. रक्ततपासण्या गावातच करून घेतल्या तर शहरातली एक फेरी वाचते.

इथे एक सापळा आहे आणि तो हल्ली वाढतोय. ग्रूमिंगच्या दुकानात "भूल न देता दात साफ" करून मिळतात. त्यात वरचं किटण खरवडलं जातं, दात पांढरे दिसतात आणि आपलं समाधान होतं. पण हिरडीखालचं किटण तसंच राहतं, एक्स-रे होत नाही आणि घाबरलेल्या जनावराला दाबून धरून तोंडात धारदार हत्यार चालवलं जातं. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, हिच्या २०२० च्या दंत-मार्गदर्शिकेत याला स्पष्ट विरोध आहे. माझंही मत तेच. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

३. भुलीआधीच्या तपासण्या आणि कागदपत्रं

भुलीची भीती सगळ्यांनाच वाटते, आणि वाटू द्यावी. ती कमी करायचा खरा मार्ग म्हणजे तपासण्या. रक्ताची संपूर्ण मोजणी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या, साखर. वयस्कर जनावराला किंवा छातीत घरघर ऐकू आलेल्या कुत्र्याला ईसीजी, छातीचा फोटो आणि गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी. हिरड्या आणि घसा लालभडक सुजलेल्या मांजराची एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन विषाणूंची चाचणीही डॉक्टर सांगतील. "वय जास्त आहे, भूल झेपणार नाही" असं नुसत्या वयावरून कोणी म्हटलं तर तपासण्यांचे आकडे मागा. म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, आणि सडलेल्या दातासह काढलेली म्हातारपणाची वर्षं फार वेदनेची असतात.

सोबत न्यायची फाइल:

- लसीकरणाची पुस्तिका
- अलीकडच्या रक्ततपासण्यांचे कागद
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट. आयुर्वेदिक आणि घरगुती उपायही लिहा
- आधी कधी भूल दिली असेल तर तेव्हा काही त्रास झाला का, याची नोंद
- आधीचे दातांचे एक्स-रे असतील तर ते
- तोंडाचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि खातानाचा व्हिडिओ (दवाखान्यात घाबरलेलं मांजर जबडा थरथरताना दाखवत नाही, तो व्हिडिओच कामाला येतो)

४. संमतीपत्रावर सही करण्याआधीची बैठक

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. दवाखान्यात वेगळी वेळ मागून घ्या. भुलीच्या दिवशी सकाळी घाईत, कुत्रं दोरी ओढत असताना हे बोलणं होत नाही.

पहिली गोष्ट, खर्चाचे तुकडे करून मागा. तपासण्या, भूल, स्केलिंग, पूर्ण तोंडाचे एक्स-रे आणि दात काढणं, यांचे आकडे वेगवेगळे. दात काढण्याचा खर्च सगळ्या दातांना सारखा नसतो. एका मुळाचा पुढचा बारका दात आणि तीन मुळांची दाढ यांत फार फरक आहे: दाढ कापून तीन भाग करावे लागतात, हिरडी उचलून हाड थोडं घासावं लागतं, मग टाके. म्हणून "कमीत कमी" आणि "जास्तीत जास्त" असे दोन आकडे लिहून घ्या आणि जास्तीच्या आकड्याची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट, एक्स-रेत काय निघू शकतं आणि निघालं तर काय करायचं, हे एकेक करून ठरवा:

दात तुटून आतली नस उघडी पडली असेल तर पर्याय दोनच: रूट कॅनल किंवा दात काढणं. "बघू, थांबू" हा पर्याय नाही, कारण उघड्या नसेतून जंतू थेट मुळापर्यंत जातात. रूट कॅनल करणारे पशुवैद्य कमी आहेत. ते हवं असेल तर तसे डॉक्टर आधीच गाठा. मूळ ठिकठाक आहे की नाही, हे एक्स-रेवरच ठरतं.

मांजराचा दात विरघळत असेल तर प्रकार विचारा. पहिल्या प्रकारात मूळ शाबूत दिसतं, त्याच्याभोवतीची बारीक काळी रेघही दिसते. असा दात मुळासकट काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मूळ हाडात मिसळून जात असतं, ते वेगळं काढायला गेलं तर जबडा उकरावा लागतो. अशा वेळी, मुळाशी पू किंवा जंतुसंसर्ग नसेल तर, वरचा भाग कापून हिरडी शिवतात. तोंडात बघताना दोन्ही दात अगदी सारखे दिसतात. आमच्या बोक्याच्या एकाच तोंडात दोन्ही प्रकार होते.

छोट्या जातीचं कुत्रं असेल तर खालच्या मोठ्या दाढेबद्दल नक्की विचारा. यॉर्की, पॉमेरेनियन, चिवावा यांच्या खालच्या जबड्याची उंची इतकी कमी की दाढेची मुळं जवळजवळ तळापर्यंत पोचलेली असतात. त्यात भोवतालचं हाड झिजलं असेल तर दात काढताना जबडाच मोडू शकतो. आधी फोटो बघितला असेल तर डॉक्टर तो दात वेगळ्या पद्धतीनं, हळूहळू काढतात.

तिसरी गोष्ट, फोन. त्या दिवशी निर्णय घेणारी व्यक्ती एकच ठरवा आणि तिचा नंबर लिहून द्या. घरातल्या चौघांना विचारून सांगते म्हणायची ती वेळ नसते. "फोन लागला नाही तर अमुक दात काढायला माझी हरकत नाही, तमुक दाताला हात लावू नका" असं संमतीपत्रावर मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहा. चालतं.

५. आदली रात्र आणि तो दिवस

खाणं किती तास आधी बंद करायचं, ते डॉक्टर वय आणि वजन बघून सांगतील. अगदी लहान पिल्लांना आणि मधुमेही जनावरांना वेगळा नियम असतो. पाणी कधीपर्यंत द्यायचं, रोजची औषधं सकाळी द्यायची की नाही, हेही विचारा. मांजराला आदल्या रात्रीपासून घरातच कोंडून ठेवा, नाहीतर ते शेजारच्या घरी जेवून येईल. चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका, सांगा; तारीख पुढे गेलेली परवडते.

एक्स-रे चालू असताना खोलीत थांबायचा हट्ट धरू नका, आणि गरोदर बाईनं व लहान मुलांनी तर जवळपासही थांबू नये. दाताच्या फोटोला किरणं फार थोडी लागतात, पण फोटो बरेच काढायचे असतात. भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं. चांगल्या दवाखान्यात कर्मचारी शिशाचा एप्रन घालतात, किरणं मोजणारा बिल्ला लावतात आणि सेन्सर हातानं धरून बसत नाहीत.

६. टेबलावर काय होतं

भूल, नळी, सलाईन, अंग गरम ठेवायची सोय. मग सेन्सर दातामागे ठेवून एकेक फोटो. पूर्ण तोंडाचे मिळून साधारण दहाएक होतात, तोंडाच्या आकारानुसार कमीजास्त. खालच्या मागच्या दाढांचा फोटो सरळ समोरून घेता येतो. वरच्या दातांना टाळू आडवी येते म्हणून किरणांचा कोन बदलावा लागतो, आणि वरच्या मोठ्या दाढेची पुढची दोन मुळं एकावर एक पडू नयेत म्हणून तिचे दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतात. फोटोबरोबरच बारीक सळईनं प्रत्येक दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीची खोली मोजतात. कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, मांजरात १ मिलिमीटरच्या आत. ही मोजणी आणि फोटो एकत्र वाचायचे असतात, एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही.

७. फोटो बघायला शिका

डॉक्टर फोटो दाखवतील तेव्हा नुसती मान हलवू नका. थोडं कळलं तरी प्रश्न विचारता येतात.

आधी दिशा. पडद्याच्या उजव्या हाताला बहुधा जनावराची डावी बाजू असते, जणू ते तुमच्याकडे तोंड करून बसलंय. दातांना तीन आकडी नंबर असतात: वर उजवीकडे १००, वर डावीकडे २००, खाली डावीकडे ३००, खाली उजवीकडे ४००. शेवटी ०४ म्हणजे सुळा, ०९ म्हणजे मागची पहिली दाढ. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढा १०८ आणि २०८, खालच्या ३०९ आणि ४०९. रिपोर्टमध्ये हे नंबर असतात, म्हणून माहीत असलेले बरे.

मग चार गोष्टी बघा. दोन दातांमधल्या हाडाची उंची: ते मुळाच्या किती खाली उतरलंय? पाव भागापेक्षा कमी झीज असेल तर दात टिकवता येतो, निम्म्याहून जास्त असेल तर सहसा काढावा लागतो. मुळाच्या टोकाशी काळं वर्तुळ आहे का? असेल तर संसर्गाची शंका. मुळाच्या मधोमध जाणारी नसेची पोकळी दोन्ही बाजूंच्या त्याच दातात सारखी रुंद आहे का? जिवंत दाताची पोकळी वयाबरोबर अरुंद होत जाते. दात मेला की ती आहे तेवढीच राहते, त्यामुळे मेलेला दात जोडीदारापेक्षा पोकळ दिसतो. आणि चौथं, मुळाची कड स्पष्ट आहे की कुरतडल्यासारखी?

प्रत्येक काळा ठिपका म्हणजे आजार नव्हे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला नस बाहेर पडण्याची भोकं असतात, ती नेमकी मुळाच्या टोकावर पडली तर पू असल्यासारखं वाटतं. कोन बदलून दुसरा फोटो घेतला की भोक मुळापासून सरकतं, आजार मात्र मुळालाच चिकटून राहतो. कुत्र्याच्या सुळ्याच्या टोकाशीही निरोगीपणी थोडी काळसर छटा दिसते.

उलटही ध्यानात ठेवा. हाडातले बरेच क्षार गेल्याशिवाय फोटोत फरक दिसत नाही. म्हणून तोंडात गाठ असेल आणि एक्स-रे "ठीक" आला असेल तरी तुकडा तपासायला पाठवायचं टाळू नका.

८. घरी आणल्यावर

निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या: आधीचे आणि दात काढल्यानंतरचे फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात, दातांच्या नंबरांसह लिहिलेला तक्ता आणि औषधांचा कागद. पडद्याचा मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांना उपयोगाचा नसतो, मुळाची बारीक रेघ त्यात पुसली जाते.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलंच औषध, दिलेल्याच मापात द्या. घरातली पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी ठरते, एका गोळीतही. आयबुप्रोफेन दोघांनाही घातक. जेवण मऊ द्या: नेहमीचे दाणे भिजवून, किंवा भात आणि उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, कांदा-लसूण न घालता. टाके विरघळणारे असतात, पण पंजानं ओरबाडू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर ठेवा. दोरी ओढायचा खेळ आणि कडक खेळणी तपासणी होईपर्यंत बंद. सूज वाढली, रक्त थांबेना किंवा दुसऱ्या दिवशीही काहीच खाल्लं नाही, तर वाट न बघता फोन करा. मांजराचं उपाशी राहणं तर अजिबात चालवून घेऊ नका.

जखम भरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की ब्रश सुरू करा. जनावरांची पेस्ट वेगळी मिळते. आपली पेस्ट वापरू नका. जनावर ती गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्याला विषासारखं असतं. रूट कॅनल केलं असेल तर सहा महिने ते वर्षानं त्या दाताचा एक्स-रे परत काढावा लागतो, त्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा. त्या वेळी पुन्हा भूल असेलच, तेव्हा बाकी तोंडाचे फोटोही त्यातच काढून घ्या आणि जुन्या फाइल पेनड्राइव्हवर सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना तेच दात शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.